शेजाऱ्याच्या खिशातला आकडा

स्पेनमधला नाताळ २५ डिसेंबरला सुरू होत नाही. तो २२ डिसेंबरच्या सकाळी माद्रिदच्या 'तेआत्रो रेआल' या ऑपेरागृहात शाळकरी मुलांच्या गळ्यातून सुरू होतो. रंगमंचावर दोन गोल पिंजरे असतात. मोठ्यात ००००० पासून ९९९९९ पर्यंतचे आकडे कोरलेल्या एक लाख लाकडी गोळ्या, धाकट्यात १८०७ गोळ्या, त्यांतल्या प्रत्येकीवर बक्षिसाची रक्कम. एक मूल आकडा गाते, दुसरे रक्कम. चाल एकच, पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडलेली. बहुतेक वेळा रक्कमही एकच, एक हजार युरो. आणि मुले तीच तासन्‌तास आळवत राहतात. मग केव्हातरी एका मुलाचा आवाज चढतो, प्रेक्षागृह उठून उभे राहते आणि देशाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात माणसे रस्त्यावर येऊन एकमेकांच्या अंगावर शॅम्पेन उडवू लागतात. 'एल गोर्दो', म्हणजे 'जाड्या', निघालेला असतो.

देवाच्या जन्माचा सण आणि त्याची नांदी लॉटरीने! आपल्याकडे 'आकडा' हा शब्द घरात मोठ्याने उच्चारायची सोय नव्हती; रतन खत्रीचे नाव काढले की आजोबा पेपर घडी करून ठेवत. स्पेनमध्ये मात्र आजीबाई, पाद्री, पोलीस, प्राध्यापक सगळेच या एका सोडतीत असतात. एरवी वर्षभर लॉटरीकडे ढुंकून न पाहणारेही. मध्यरात्रीची प्रार्थना, बदाम-मधाची तुर्रोन नावाची मिठाई, घरोघर मांडलेला बाळ येशूचा गोठा हे सगळे तिथे आहेच. पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ते हे तिकीट.

आधी हिशेब करू. आयुष्य बँकेत गेल्याने ती खोड जात नाही. पूर्ण तिकीट २०० युरोंचे. त्याचे दहा तुकडे, प्रत्येक तुकडा २० युरोंचा, त्याला म्हणतात 'देसिमो'. जाड्या लागला तर एका देसिमोला चार लाख युरो. चाळीस हजारांपुढच्या रकमेवर वीस टक्के कर, म्हणजे हाती तीन लाख अठ्ठावीस हजार. शक्यता लाखात एक. जमलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के बक्षिसांत परत जातात; म्हणजे वीस युरोंचा कागद घेतला त्या क्षणी त्याची किंमत चौदा युरो झाली. असा प्रकल्प अहवाल जोडून कुणी माझ्याकडे कर्ज मागायला आला असता, तर चहा पाजून परत पाठवला असता. तरीही या एका सोडतीवर स्पेनमध्ये दरडोई सरासरी सत्तर युरोंच्या आसपास खर्च होतात. सरासरीत तान्ही मुलेही धरलेली आहेत.

हे लोक गणितात कच्चे आहेत, असे म्हणून विषय संपवता येईल. पण गोष्ट तिकिटाच्या रचनेत आहे. आपल्याकडे बंपर लॉटरीत एक तिकीट, एक नशीबवान. तिथे एकाच आकड्याच्या अनेक मालिका छापतात, अलीकडे दोनशेच्या आसपास. प्रत्येक मालिकेचे दहा तुकडे. म्हणजे एकच आकडा जवळजवळ दोन हजार तुकड्यांवर असतो, आणि हे तुकडे बहुधा एकाच दुकानातून, एकाच पेठेत, एकाच कचेरीत खपतात. त्यामुळे आकडा लागतो तेव्हा तो एका माणसाला लागत नाही. कारखान्याच्या एका पाळीला, कोपऱ्यावरच्या बारच्या गिऱ्हाइकांना, कधी सबंध गावाला लागतो. ज्याला वीस युरो जड त्याच्यासाठी आणखी लहान तुकडे असतात. गावचा फुटबॉल क्लब, उत्सव समिती किंवा शाळेचे पालक देसिमो विकत घेऊन त्यावर पावत्या फाडतात. पाच युरोंची पावती असेल तर त्यांतले चार सोडतीत आणि एक क्लबाच्या फंडात. गणपतीची वर्गणी आणि भिशी एकाच पावतीवर लिहिली तर जे होईल, ते.

आता अशा कचेरीत बसलेल्या, लॉटरीवर काडीचाही विश्वास नसलेल्या एका कारकुनाची कल्पना करा. सगळ्यांनी कचेरीचा आकडा घेतलेला आहे. लागणार नाही हे त्याला पक्के माहीत आहे. पण लागलाच तर? बाविसाव्या तारखेला दुपारी सगळे टेबलावर चढून नाचतील, दुसऱ्या दिवशी राजीनामे देतील आणि हा एकटा जावक नोंदवहीसमोर बसलेला असेल. तो मुकाट्याने वीस युरो काढतो. ही पैशांची हाव नव्हे. हा विम्याचा हप्ता आहे, आणि विमा कशाचा, तर मागे एकटे राहण्याचा.

२०१४ साली या लॉटरीच्या जाहिरातीने नेमकी हीच दुखरी जागा पकडली. मंदीचे दिवस होते. आदल्या वर्षी स्पेनमधली बेकारी सव्वीस टक्क्यांवर जाऊन आली होती. जाहिरातीतल्या मान्वेलने त्या वर्षी आपल्या नेहमीच्या बारमधला आकडा घेतलेला नाही आणि नेमका तोच लागला आहे. खाली जल्लोष चालू. बायकोच्या आग्रहाखातर तो मालकाचे अभिनंदन करायला जातो, एक कॉफी घेतो, बिल विचारतो. मालक सांगतो, एकवीस युरो. एक कॉफीचा आणि वीस त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या तिकिटाचे. देशभर लोकांच्या डोळ्यांत पाणी आले म्हणतात. माझ्याही आले असते, पण ही जाहिरात ज्या सरकारी कंपनीची आहे तीच तिकिटे विकते, हे मी विसरू शकलो नाही.

जाहिरातीत न मावणारी गोष्ट त्याआधी, २०११ साली, खरोखर घडली होती. ईशान्येकडच्या आरागॉन प्रांतात, मोनेग्रोसच्या कोरड्या माळावर, सोदेतो नावाचे सत्तरएक उंबऱ्यांचे शेतकरी गाव आहे. तिथल्या महिला मंडळाने घरोघर फिरून तिकिटाचे हिस्से विकले आणि त्या वर्षीचा जाड्या, आकडा ५८२६८, त्यांचाच निघाला. एक घर वगळता सबंध गाव. त्या घराचा दरवाजा ठोठवायचा राहून गेला होता. गंमत अशी, की जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजली ती त्या राहून गेलेल्या घराची गोष्ट. मला त्याचे नवल वाटत नाही. कथा लिहिणाऱ्याला विचारा. सत्तर सुखी घरांमधून तोही तेच एक घर उचलेल.

या सोडतीचा जन्म मात्र भावनेतून झालेला नाही, तिजोरीच्या खडखडाटातून झाला आहे. नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व्यापला तेव्हा देशाची प्रतिनिधीसभा दक्षिणेतल्या कादिस बंदरात वेढ्यात बसून राज्यघटना लिहीत होती. युद्धाला पैसा हवा, पण कर वाढवला तर लोक ओरडणार. तेव्हा लोकांनी आपण होऊन द्यावा असा कर म्हणून ही लॉटरी निघाली. सुचवणारे मंत्री सिरियाको गोन्सालेस कार्वाखाल पूर्वी मेक्सिकोत न्यायाधीश होते आणि तिथे वसाहतीच्या सरकारची अशीच लॉटरी आधीपासून चालू होती. तेव्हा ही परंपरा वसाहतीतून मायदेशी गेली म्हणायची. पहिली नाताळाची सोडत १८ डिसेंबर १८१२ ची. आकडे गाणारी मुले त्याहून जुनी: माद्रिदच्या सान इल्देफोन्सो अनाथाश्रमातला मुलगा १७७१ मध्ये, राजाच्या आधीच्या एका लॉटरीत, पहिल्यांदा उभा राहिला. गरिबाचे लेकरू खोटे बोलणार नाही, असा त्यामागचा हिशेब असावा. मुलींना हा मान मिळायला १९८४ उजाडले. यादवी युद्धात, १९३८ साली, देशाचे दोन तुकडे झालेले असताना दोन सोडती झाल्या: प्रजासत्ताकाची बार्सिलोनात, फ्रँकोची बुर्गोसमध्ये. एकमेकांचे गळे कापणाऱ्या दोन्ही बाजूंना नाताळाची लॉटरी मात्र हवीच होती. २०२० मध्ये करोनामुळे प्रेक्षागृह रिकामे होते, तरी मुले गायली.

तेव्हा जिव्हाळ्यावर बसवलेला हा कर आहे, आणि तो परतीची आशा जास्त असलेल्याला जास्त टोचतो, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तरी तो बंद करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कारण त्याच्या आत एक असा व्यवहार चालतो, जो बँकेच्या कुठल्याही खात्यात बसत नाही. देसिमो हा धारकाचा कागद; ज्याच्या हातात त्याचे पैसे. पण एकाच देसिमोत दोन मेहुणे, चार मैत्रिणी, बाप आणि दूरदेशी गेलेला मुलगा भागीदार असतात आणि कागद कुणा एकाकडेच असतो. फार तर हल्ली फोनवर फोटो पाठवतात, खाली नावे लिहून. चार लाखांच्या मालमत्तेवर तोंडी शब्दाखेरीज काही तारण नाही. कधी कधी प्रकरणे कोर्टात जातात. लक्षावधी जात नाहीत. वीस-पंचवीस हजारांच्या कर्जाला दोन जामीनदार मागण्यात नोकरी घालवलेल्या माणसाला यावर बराच वेळ बोलता येईल, आवरते घेतो.

देणेघेणे असे सणात मिसळून टाकण्याची हौस स्पॅनिश बोलणाऱ्या इतर मुलखांतही दिसते. मेक्सिकोत कायद्यानेच २० डिसेंबरपूर्वी नोकराला किमान पंधरा दिवसांचा पगार जादा द्यावा लागतो, 'आगिनाल्दो'. आपल्या दिवाळी बोनसचा भाऊच. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, कड्याच्या आकाराचा गोड पाव कापतात. स्पेनमध्ये ज्याच्या तुकड्यात वालाचा दाणा निघेल त्याने पावाचे पैसे द्यायचे. मेक्सिकोत पावात बाळाची इवली बाहुली दडवतात. ती ज्याला मिळेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना मक्याचे तामालेस खाऊ घालायचे. म्हणजे एक जेवण संपायच्या आत पुढच्याचा कर्जदार नेमलेला. शेजारच्या गोव्यात पोर्तुगिजांनी नेलेल्या नाताळातही नेवऱ्या-दोदोलची ताटे हिंदू शेजाऱ्यांकडे जातात, आणि दिवाळी-चतुर्थीला भरलेली ताटे उलट येतात, ती याच जातकुळीतली.

सोडत संपते तेव्हा माद्रिदमध्ये जेवणाची वेळ झालेली असते. बहुतेकांना काहीच लागलेले नसते. त्या दिवसाला विनोदाने 'आरोग्यदिन' म्हणतात, कारण हरलेला प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो, जाऊ दे, तब्येत चांगली आहे ना, मग झाले. ज्यांच्या तिकिटाचा शेवटचा अंक जाड्याच्या शेवटच्या अंकाशी जुळतो त्यांना, म्हणजे दहांतल्या एकाला, आपले वीस युरो परत मिळतात. ते घेऊन तो दुकानात जातो. काउंटरवर ६ जानेवारीच्या सोडतीची तिकिटे केव्हाच टांगलेली असतात. तिचे नाव 'एल निन्यो', बाळ. त्याचाही देसिमो वीस युरोंचाच.