डबे तीन, गाडी एक

शाळा सुरू होऊन महिना उलटला, पहिली घटक चाचणी तोंडावर आली की माध्यमिक शाळांतल्या हरित सेनेला जाग येते. नववीतली चार-दोन उत्साही मुले-मुली मुख्याध्यापकांच्या दालनासमोर उभी राहतात आणि सांगतात की शाळेचा कचरा आम्ही वेगळा करू, कागद-प्लास्टिक पुनर्वापराला पाठवू. मुख्याध्यापक हो म्हणतात. नाही म्हणण्याजोगे त्यात असते काय? रंगीत डबे येतात. ‘ओला’, ‘सुका’, ‘घातक’ अशा सुवाच्य अक्षरातल्या चिठ्ठ्या त्यांवर डकवल्या जातात. संस्थेचे पदाधिकारी डब्यांशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतात आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर अंगठ्यांचा पाऊस पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी येते आणि तिन्ही डबे एकाच हौद्यात रिकामे होतात. व्हरांड्याच्या कठड्याला रेलून मुले हे पाहत असतात. नागरिकशास्त्राच्या तासाला जे कोणी शिकवत नाही ते त्यांना तिथे अर्ध्या मिनिटात कळते: नियम पाळणारा खुळा ठरतो.

सगळीकडे असेच घडते असे नाही, पण ज्याने शाळेच्या फाटकाशी सकाळी थांबून पाहिले आहे त्याला हे दृश्य अपरिचित नसेल. म्हणून विद्यार्थ्यांच्या अशा उपक्रमांचे मनापासून स्वागत करताना अटी घालायच्या त्या मोठ्यांना. मुलांनी त्यांचा वाटा उचललेला असतो. पुढची साखळी जुळवणे हे शाळेचे, नगरपालिकेचे आणि ज्यांचा माल त्या डब्यात येऊन पडतो त्या कंपन्यांचे काम. ते टाळता यावे म्हणून पोरांचा उत्साह पुढे केला जातो, याला आमचा आक्षेप आहे.

मधल्या सुट्टीनंतर एखाद्या हायस्कुलातला ‘सुका’ डबा जमिनीवर पालथा करून पाहावा. वह्यांची फाडलेली पाने, जुनी प्रश्नपत्रिका, चार-सहा पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची चकचकीत पाकिटे, नळी खोचलेला फळांच्या रसाचा खोका, डब्यातल्या पोळीभोवतीची फॉईल आणि संपलेली जेलपेने. भंगारवाला या ढिगाकडे एक नजर टाकतो आणि निवाडा देतो. वहीचा पांढरा कागद वेगळा असेल तर भाव बरा. तोच खरकट्याने भिजला तर कोणी हात लावत नाही. पुठ्ठा चालतो, बाटली चालते. बाकीचे? ‘हे नाही चालत, दादा.’ वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे थर आणि धातूचा अतिपातळ मुलामा एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सुटे करण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त येतो. त्यामुळे ते गोळा झालेच तर बहुधा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाते, नाहीतर कचरा डेपोवर. पेनात तर तीन-चार जातींचे प्लास्टिक, धातूचे टोक आणि वाळलेली शाई. दहावीचा विद्यार्थी वर्षभरात अशी किती पेने संपवतो, हे ज्याने वर्गातल्या बाकांचे खण साफ केले आहेत त्याला विचारावे. शाळेच्या डब्याने काय शिकवायला हवे, तर हे. ‘सुका’ लिहिलेल्या डब्यात पडले म्हणजे त्याचा पुनर्वापर झाला, हा समज जितक्या लवकर मोडेल तितका बरा.

आणखी एक गंमत. पर्यावरण या विषयावरील विज्ञान प्रदर्शनात सर्वांत जास्त काय वापरले जाते? थर्माकोल. राज्य सरकारने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणताना सजावटीच्या थर्माकोललाही त्यात घातले होते. तरी ‘स्वच्छ गाव’ नावाची प्रतिकृती अजून त्याच पांढऱ्या तुकड्यांतून उभी राहते आणि बक्षीस समारंभ आटोपला की शाळेमागच्या मोकळ्या जागेत फेकली जाते. हरित सेनेने पहिला ठराव आपल्याच प्रदर्शनाबाबत केला तर बरे होईल.

पुनर्वापराचे चिन्ह म्हणून जगभर दिसणारे एकमेकांचा पाठलाग करणारे तीन बाण एका विद्यार्थ्यानेच काढलेले आहेत. १९७० मध्ये, पहिल्या वसुंधरा दिनाच्या वातावरणात, अमेरिकेतल्या पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने स्पर्धा लावली आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या २३ वर्षांच्या गॅरी अँडरसनने ती जिंकली. कल्पना तरुणाची, बक्षीस खोकी विकणाऱ्याचे. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने तसाच बाणांचा त्रिकोण घेऊन त्यात एक ते सात आकडे बसवले. आकडा सांगतो प्लास्टिकची जात. पुनर्वापर होईलच असे तो कुठेही म्हणत नाही. पण बाण पाहिले की ग्राहकाचे मन निश्चिंत होते. त्याच देशात १९५३ पासून पेये आणि वेष्टणे विकणाऱ्या कंपन्यांच्या पाठबळाने ‘कचरा टाकू नका’ अशी मोहीम चालली. एकदा वापरून फेकायची बाटली बाजारात कोणी आणली, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला आणि ती रस्त्यावर टाकणारा नागरिक तेवढा दोषी ठरला. आपल्याकडेही शाळाशाळांतून डबे वाटणारे प्रायोजक असतात. डब्यावर त्यांचे नाव ठळक असते आणि डब्याच्या आत त्यांच्याच मालाची पाकिटे. केंद्राच्या प्लास्टिक कचरा नियमांनी उत्पादकांवर आपला कचरा परत घेण्याची जबाबदारी टाकलेली आहे. ती कशी पार पाडली जाते, हे नववीच्या मुलांनी पत्र लिहून विचारावे. हे पत्रलेखन परीक्षेतल्या ‘मागणी पत्रा’पेक्षा नक्कीच रंगेल.

आता या साखळीतल्या सर्वांत महत्त्वाच्या आणि शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत कधीच न दिसणाऱ्या माणसाकडे येऊ. आपल्या शहरांत कागद, काच, पत्रा आणि प्लास्टिक खरोखर कारखान्यापर्यंत पोहोचते ते कचरा वेचणाऱ्या बायांच्या हातांमुळे. या बायांची संघटना उभी राहिली तिचा उगम शिक्षणातच आहे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामात असलेल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण पुण्याच्या वस्त्यांत गेल्या, तेव्हा शिकण्याच्या वयाच्या मुली आयांसोबत पहाटे पोती घेऊन बाहेर पडतात हे त्यांना दिसले. मुलींना अक्षरे शिकवायची तर आधी आयांच्या कामाला प्रतिष्ठा आणि बरी कमाई हवी, हे त्यातून उमगले. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे याच कामातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून पुणे महापालिकेशी करार करून तिच्या सभासद घरोघरचा कचरा उचलू लागल्या. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या आवारांना सांगितले होते की पुनर्वापराजोगा माल अधिकृत कचरावेचकांकडे किंवा पुनर्वापर करणाऱ्यांकडे द्या. शहरातल्या अनेक मोठ्या शाळांचे मैदानच तेवढे असते.

असे असताना शाळेचा पुनर्वापर उपक्रम बहुधा या बायांना वगळून आखला जातो. रद्दी विकून आलेल्या पैशांतून स्नेहसंमेलनाचा मंडप सजतो आणि ज्या बाईच्या पोत्यात ती रद्दी एरवी पडली असती तिच्या वाट्याला उरते ते खरकटे. तिचा मुलगा कदाचित त्याच शाळेत सातवी ‘ब’ मध्ये बसतो आणि आई काय करते हे कोणाला सांगत नाही. एखाद्या शनिवारी हीच बाई वर्गात पाहुणी म्हणून आली आणि तिने फळ्यापुढे दहा प्रकारचे प्लास्टिक नुसते हाताने चुरगाळून, आवाजावरून ओळखून दाखवले तर? रसायनशास्त्राच्या शिक्षकांनाही हे जमणार नाही. कोणाच्या कामाला कसब म्हणायचे आणि कोणाच्या कामाला घाण, हे मुले घरून शिकून येतात. ते बदलण्याची संधी शाळेला मिळते आणि ती रांगोळी स्पर्धेवर खर्च होते.

मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय आजही कुजबुजत बोलला जातो. वापरलेले पॅड उघडे टाकले की तो कचरा कोणाच्या तरी उघड्या हाताखाली येतो. पुण्यात कचरावेचकांच्याच पुढाकाराने ‘लाल ठिपका’ मोहीम निघाली: पॅड कागदात गुंडाळायचे, त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे हात लावण्याआधी आत काय आहे ते कळते. जुना कागद आणि लाल स्केचपेन, याहून अधिक खर्च नाही. प्रत्येक हायस्कुलात हे आठवडाभरात सुरू होऊ शकते. फक्त मुख्याध्यापकांनी हा विषय परिपाठात मोठ्याने उच्चारायला हवा, आणि मुलग्यांना बाहेर न पाठवता.

ओल्या कचऱ्याचे फारसे अवघड नाही. पोषण आहाराची उरलेली खिचडी, भाजीची देठे, आवारातला पालापाचोळा यांना शाळेच्या कोपऱ्यातला खड्डा पुरतो आणि अनेक जिल्हा परिषद शाळांच्या परसबागा त्यावर उत्तम चालल्या आहेत. शहरी शाळांनी त्यांच्याकडे शिकायला जावे.

पुनर्वापराआधी पुन्हा वापर येतो आणि त्यात आपण उलट्या दिशेने चाललो आहोत. मे महिन्यात वरच्या वर्गातल्या ताईची पुस्तके अर्ध्या किमतीत घ्यायची, खाकी कव्हर घालायचे आणि तिने पेन्सिलीने केलेल्या खुणांवर अभ्यास करायचा, ही मध्यमवर्गीय घरांतली जुनी रीत होती. २०२३ मध्ये सरकारने पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने बांधली. हेतू दप्तराचे ओझे कमी करण्याचा. पण लिहून भरलेले पुस्तक पुढच्या वर्षी कोण घेणार? दोन वर्षांत तो निर्णय मागे घेतला गेला, हे ठीक झाले. एका शासन निर्णयाने राज्यभरात जितका कागद वाया जाऊ शकतो तितका एका शाळेच्या हरित सेनेला दहा वर्षांतही वाचवता येणार नाही, हे मात्र शिक्षण विभागाने लक्षात ठेवावे.

होते कसे, हे पाहायचे तर सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याला जावे. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात त्या छोट्या नगर परिषदेने घरातूनच कचरा अनेक प्रकारांत वेगळा करून घेतला आणि वेगळाच उचलला. ओल्याचा गॅस झाला, प्लास्टिक रस्त्यात गेले आणि डंपिंगच्या जागेवर लोक सहलीला येऊ लागले. नागरिकांनी शिस्त पाळली, कारण पालिकेने आधी आपली पाळली. मुंबईसारखे रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा काढणारे शहर वेंगुर्ले नव्हे, हे खरेच. पण मुंबईतली एक शाळा ही वेंगुर्ल्याहून मोठी नसते.

तेव्हा नगरपालिकांनी एवढे करावे: ज्या शाळा कचरा वेगळा करून देतात त्यांच्याकडे सुक्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवावा आणि त्या दिवशी वेगळी गाडी किंवा त्या भागातली कचरावेचक बाई पाठवावी. माल मुलांसमोर तोलावा, पावती द्यावी, ती सूचना फलकावर लागावी. वजनाच्या नोंदी गणिताच्या तासाला वापराव्यात. आलेख काढायला दरवर्षी काल्पनिक गावाची लोकसंख्या कशाला हवी? शाळांनी उपाहारगृहाच्या ठेक्यात पाकीटबंद खाऊ बंद करण्याची अट घालावी, म्हणजे निम्मा डबा आपोआप हलका होईल. ज्या पालिकेकडे वेगळी गाडी नाही तिने तीन डबे वाटूच नयेत. आणि रद्दीचे पैसे कोणाला गेले, याचा हिशेब पहिल्या सत्राच्या पालकसभेत हरित सेनेच्या मुलांनीच उभे राहून वाचून दाखवावा, संस्थाचालक समोर बसलेले असताना.