निऱ्या आणि नैर्ऋत्येचा वारा

मंडळाचा कार्यक्रम जवळ आला की क्लोनडॉकिनमधल्या आपल्या घराघरांतून दोन दिवस आधीच इस्त्र्या तापायला लागतात. पैठणी, कांजीवरम, इरकल, कुणाच्या आईच्या लग्नातला शालू, सगळं बॅगांमधून बाहेर येतं. आणि मग गाडीतून उतरून हॉलच्या दारापर्यंतच्या शंभर पावलांत त्या साडीचं जे काय होतं, ते आम्ही गेली काही वर्षं लक्षपूर्वक पाहत आहोत. पदर डोक्यावरून उलटा, निऱ्या गुडघ्याशी, काठ चिखलात आणि वरून नवऱ्याचं जाकीट! आत पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं आरशासमोर पिना शोधण्यात. "इथे साडी नेसण्यात काही अर्थच नाही गं" हे वाक्य त्याच आरशासमोर ऐकू येतं आणि पुढच्या कार्यक्रमाला ती मैत्रीण कुर्ता-जीन्समध्ये हजर असते. कुर्ता-जीन्सशी आमचं वैर नाही. पण हौस असताना केवळ हवेपायी साडी सुटावी, हे इंजिनिअरिंग शिकलेल्या बाईला पटण्यासारखं नाही.

बायकांच्या पेहरावातल्या चुका म्हटलं की आपल्याकडे ठरलेली यादी असते. बुटकीने मोठे काठ नेसू नयेत, जाडीने आडव्या रेघा टाळाव्यात, सावळीला अमुक रंग खुलत नाही. ही यादी आम्ही बाजूला ठेवली आहे. विशेषतः ते शेवटचं कलम. आपल्या मुलींना इथल्या वर्गात स्वतःच्या रंगाची जाणीव पुरेशी असते, घरच्या माणसांनी साडीच्या निमित्ताने ती आणखी करून द्यायची गरज नाही. ज्या चुका आम्हाला दिसतात त्या रंगारूपाच्या नाहीतच, हवेच्या आहेत.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मि.मी. पाऊस पडतो. डब्लिनच्या पश्चिमेकडच्या या आपल्या भागातही जवळजवळ तेवढाच. फरक इतकाच की पुण्याचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि इथला वर्षभर हप्त्याहप्त्याने येतो. वाराही बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा, म्हणजे आपल्या मोसमी वाऱ्याच्याच दिशेचा. पण तिकडे भर पावसात कुणी पैठणी बाहेर काढत नाही, इथे तेवढा मुहूर्त काढायचा तर बारा महिने थांबावं लागेल.

तेव्हा पहिली गोष्ट खालून. साडी जमिनीला टेकलेली छान दिसते, पण ती पुण्याच्या कार्यालयातल्या कोरड्या फरशीवर. इथे सुती फॉल दिव्याच्या वातीसारखा पाणी वर ओढतो. हॉलच्या दारापासून खुर्चीपर्यंत जाईतो ओल चार बोटं चढलेली असते. साडी बोटभर वर नेसावी आणि ज्या बुटांत चालायचं आहे तेच बूट आधी पायात घालून नेसावी. निऱ्या उडू नयेत म्हणून एक सोपा उपाय आहे. पडद्याच्या काठात घालायची वजनाची पट्टी मिळते, तिचा हातभर तुकडा निऱ्यांच्या जागी फॉलच्या आतून टाचावा. तलम जॉर्जेट, शिफॉन मात्र उन्हाळ्यासाठी ठेवा. पट्टी तरी काय काय धरून ठेवणार?

परकर सुती हवा. सॅटिनच्या परकरावरून निऱ्या घसरतात, आणि नायलॉनचे मोजे, पॉलिएस्टरचा परकर नि हीटिंगची कोरडी हवा एकत्र आली की साडी पायांना अशी चिकटते की चालणं अवघड होतं.

संक्रांतीला आपण काळी साडी नेसतो, कारण काळा रंग ऊन शोषतो. शास्त्र बरोबर आहे, पण त्याला आधी ऊन लागतं. जानेवारीच्या मध्याला इथे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि आपलं हळदीकुंकू असतं सहाला! चंद्रकळा जरूर नेसा, शोभते म्हणून नेसा. ऊब मात्र कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेतून येते. ब्लाउजच्या आत लोकरीचा पातळ बनियन, परकराच्या आत लोकरीची लेगिंग. बाहेरून काहीही दिसत नाही. वरचा कोट गुडघ्याखाली जाणारा आणि बाह्या सैल असलेला घ्यावा. आखूड जाकीट कमरेशी निऱ्या चुरगळतं. कोट चढवण्याआधी पदर पुढे घेऊन कमरेला खोचावा. छत्रीच्या भरवशावर राहू नये.

हे सगळं सांगितलं की "साडीवर बूट? साडीखाली थर्मल?" असं म्हणणाऱ्या भेटतातच. त्यांना आम्ही आनंदीबाई जोशींची आठवण देतो. १८८३ साली, नुकतं अठरावं वर्ष पुरं झालेली ही मुलगी डॉक्टर व्हायला नवऱ्याविना कलकत्त्याहून निघाली आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. तिथल्या थंडीत ते निभेना, तेव्हा पायघोळ होणारी गुजराती पद्धतीची साडी त्या नेसू लागल्या. गोपाळरावांशी पत्रांतून यावरूनही वाद झाला. नवरा हजारो मैलांवर, थंडी मात्र हिला वाजणारी! १८८५ सालचा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली यांच्या शेजारी, प्रत्येकीच्या अंगावर आपापल्या देशाचा वेश. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. साडी टिकली ती नेसण्याची पद्धत बदलली म्हणून. आणि आपल्या हॉलमध्ये अजून बुटांवरून कुजबुज चालते.

आता कपाटाकडे वळू, कारण खरं नुकसान तिथे होतं. आपल्या घरांतून कपाट बहुधा बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असतं. ती भिंत थंड, खोलीतली हवा दमट, म्हणजे कपाटामागे दव साचणार आणि काळी बुरशी धरणार. त्यात रेडिएटरवर धुणं वाळत घातलं की एका खेपेला लिटर-दोन लिटर पाणी त्याच हवेत जातं. बॅगेच्या तळाशी दुकानाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलेल्या शालूची जर अशानेच काळवंडते आणि घडीवर रेशीम विरतं. कपाट आतल्या भिंतीला लावा, नाहीतर चार बोटं पुढे ओढा. प्लास्टिक काढून टाका, जुन्या धुतलेल्या सुती धोतराच्या फडक्यात साडी गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. आणि दर तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेघेवर घाला. तारीख लक्षात राहत नसेल तर हा अंक पोस्टातून आला की त्याच संध्याकाळी घालावी. आमचं त्रैमासिक थोडंफार उशिरा निघतं, पण पैठणी तेवढं सांभाळून घेते.