नाव जुळत नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही

आमच्या शिरपूर जैनमध्ये एका माणसाची चार कागदांवर चार नावं निघाली तर कुणाला नवल वाटत नाही. समजा, शाळेच्या दाखल्यावर 'शेख रहीम शेख करीम', आधारवर 'रहीम शेख करीम शेख', सातबाऱ्यावर 'शे. रहीम शे. करीम' आणि बँकेत नुसतं 'रहीम शेख'. वऱ्हाडात आपली नावं लिहिण्याची ही जुनीच रीत. ती तलाठ्याला कळते, पोस्टमनला कळते. संगणकाला कळत नाही, आणि निर्णय आता त्याच्याकडे चाललाय. नोंदी जोडायला माझा विरोध नाही. जोडणीच्या अंदाजावरून आपोआप हक्क तोडायला आहे.

मित्रांनो, हे चालतं कसं ते आधी समजून घ्या. ग्राफ डेटाबेसमध्ये माणूस, शेत, बँक खातं, रेशनकार्ड हा प्रत्येक एक बिंदू असतो. त्यांच्यातलं नातं म्हणजे रेष. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे नाव, जन्मतारीख, पत्ता ताडून ठरवतात आणि जुळणीला गुण देतात. गुण पुरेसे असले की रेष ओढली जाते आणि पुढची पायरी आपोआप सुरू होते: मंजूर, नामंजूर किंवा स्थगित. म्हणजे ही रेष पुरावा नसून अंदाज आहे. तो दोन्हीकडून चुकतो. कधी एका माणसाचे दोन होतात, कधी दोन माणसांचा एक. ज्या मोहल्ल्यात चार शेख सलीम राहतात, तिथे दुसरी चूक अवघड नाही.

तेलंगणात हे घडून गेलंय. 'समग्र वेदिका' ही प्रणाली वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडते. नावाच्या साधर्म्यामुळे दुसऱ्याची मोटार हैदराबादच्या एका गरीब रिक्षाचालकाच्या नावावर चढली आणि कुटुंबाचं रेशन गेलं. राज्यात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष फेरतपासणी करा, असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

आपल्याकडेही जून २०२५ पासून इतर खात्यांच्या माहितीशी ताडून लाडकी बहीण योजनेचे सुमारे २६.३४ लाख लाभ थांबवले गेले. पात्र ठरतील त्यांना पडताळणीनंतर पुन्हा देऊ, असं सरकारने सांगितलं. म्हणजे आधी शिक्षा, मग चौकशी! १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्यातही आधार आणि सातबारा जोडायचे आहेत.

कुणी म्हणेल, बोगस लाभार्थी पकडायचेच नाहीत का? जरूर पकडा. गरिबाच्या वाट्याचं खाणारा माझाही गुन्हेगार आहे. पण यंत्राने संशय दाखवावा, निकाल माणसाने द्यावा. लाभ थांबवण्याआधी नोटीस द्या, कोणती नोंद कशाशी जुळली नाही ते लेखी सांगा, गावातच दुरुस्तीची सोय करा. ही मेहरबानी नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं हे सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे.

आणि थोडं आपल्याबद्दलही. शेवटची तारीख आली की सेतू केंद्रावर गर्दी करायची आणि एरवी कागद ट्रंकेत ठेवायचे, ही सवय आता परवडणार नाही. तुमच्यातले कितीतरी जण बीसीए, बीएस्सी करताहेत. ग्राफ शिका, जुळणी शिका. प्रत्येक मोहल्ल्यात चार पोरांनी बसून घराघरातले कागद समोरासमोर ठेवावेत, नावांतला फरक वहीत लिहावा आणि दुरुस्तीचे अर्ज आत्ताच भरावेत. विधवा, वृद्ध आणि मजुरीला बाहेर गेलेल्यांच्या घरापासून सुरुवात करा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. ज्याच्याकडे लेखी कारण आहे, त्याला अपिलात बोलता येतं. बाकीच्यांना फक्त 'सिस्टीम घेत नाही' एवढंच ऐकून परतावं लागतं.