मॉनिटर नवा, कॉम्प्युटर जुनाच

"जुना झाला भाऊ, आता नवाच घ्या लागते." अमरावती असो की अकोला, आठ-दहा वर्षं राबलेला कॉम्प्युटर दुकानात नेला की हे उत्तर बहुतेक ठरलेलं. तक्रार साधी असते. नव्या मॉनिटरला एचडीएमआय पोर्ट आणि जुन्या सीपीयूला निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए. एवढ्यासाठी अख्खी मशीन बदलायला सांगणं म्हणजे ग्राहकाच्या खिशावर दुकानदारानं केलेला आळस.

हे निळं पोर्ट भलतंच चिवट. आयबीएमनं ते १९८७ साली आणलं. इंटेल आणि एएमडीनं डिसेंबर २०१० मध्ये जाहीर केलं, की २०१५ पर्यंत ते मोडीत काढू. मुदत कधीच उलटली, तरी शाळांच्या प्रोजेक्टरला आजही तीच केबल लोंबकळते.

खरी मेख अशी, की व्हीजीएतून चित्र कमी-जास्त व्होल्टेजच्या रूपात जातं आणि एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल म्हणून. त्यामुळे दोन टोकांच्या नुसत्या केबलनं भागत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. तोही एकाच दिशेनं चालतो. व्हीजीएचं एचडीएमआय करणारा आणि एचडीएमआयचं व्हीजीए करणारा, दोघे दिसायला जुळे भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा लावला की पडदा काळा. पहिल्याला बहुधा यूएसबीतून वीज द्यावी लागते, आवाजाची तार वेगळी. तरी हा काही शे रुपयांचा मामला आहे. त्याआधी सीपीयूच्या मागे डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्ट आहे का, हे टॉर्च लावून पाहावं; असेल तर काम आणखी सोपं.

चित्र आलं म्हणजे झालं, असंही नाही. मॉनिटर आपली माहिती कॉम्प्युटरला त्याच केबलमधून कळवतो. स्वस्त केबलमध्ये त्या पिना जोडलेल्याच नसल्या की कॉम्प्युटर अंदाजानं १०२४ बाय ७६८ वर बसतो. मग रुंद पडद्यावर अक्षरं फुगतात, पुसट होतात. इंग्रजी त्यातही वाचता येतं. मराठीत मात्र अनुस्वार गायब होतो, रफार वरच्या ओळीत मिसळतो, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी ओळखू येत नाही. सेवा केंद्रात दाखल्यावरचं नाव चुकलं, तर शेतकऱ्याला पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० निवडायला मिनिटही लागत नाही, पण ते ग्राहकाला दाखवायचं कोणी?

याच केंद्रांना दुसऱ्या मॉनिटरचा सगळ्यात जास्त उपयोग. एका पडद्यावर सातबारा, दुसऱ्यावर अर्ज. विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबून 'एक्सटेंड' निवडलं की झालं. स्क्रीन फुटलेला लॅपटॉपही असा टेबलावर कामाला लागतो. फक्त वऱ्हाडातल्या मे महिन्यात त्याचं झाकण बंद करून तो दिवसभर चालवू नये. काही लॅपटॉपची उष्णता कीबोर्डच्या बाजूनंही बाहेर पडते.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ही अडचण मात्र खरी आहे आणि तिच्यावर मॉनिटर हा उपाय नाही. पैशांचे व्यवहार होणाऱ्या मशीनचा विचार वेगळा करावा. पण टायपिंग, हिशेब, शाळेचे निकाल यांसाठी चालती मशीन भंगारात घालू नये. शाळा-ग्रामपंचायतींनी नवे मॉनिटर मागवताना मागणीपत्रात इंचांसोबत पोर्टही लिहावं आणि आपल्याच जुन्या सीपीयूला जोडून चित्र दिसल्यावर बिलावर सही करावी.