अंगणातली कोंबडी आजारी पडली तर

धुळ्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र लांबलचक आहे, पण अडचण नेमकी आहे. त्यांच्या परसात चार कोंबड्या. त्यातली तांबडी दोन दिवस पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली आहे. दाण्याला तोंड लावत नाही. तिसरीतला मुलगा शाळेतून आला की तिला मांडीवर घेऊन बसतो. सासूबाईंचं म्हणणं, "मरी जाई, कापी टाक." यजमान म्हणतात, नाल्यापलीकडे सोडून ये. "ताई, मी कुणाचं ऐकू?" असं त्यांनी विचारलंय.

उत्तर आधी देते, कारणं मागून सांगते. बाई, दोघांचंही ऐकू नका. कोंबडी कापू नका आणि सोडूनही देऊ नका. तिला बाकीच्या तिघींपासून वेगळी करा, आणि मुलाला तिच्यापासून दूर ठेवा. हे आजच करा, हा अंक हातावेगळा करण्याच्या आधी.

हे मी अधिकारवाणीने सांगतेय असं वाटेल, पण ही अक्कल मला नुकसान सोसून आली आहे. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा आमच्या परसात नऊ कोंबड्या होत्या. अंड्यांचे पैसे माझे, हा सासूबाईंचा नियम. एकदा आठवड्याच्या बाजारातून एक देखणी कोंबडी घेतली. थोडी शिंकत होती. 'प्रवासाने दमली असेल' म्हणून संध्याकाळी सगळ्यांबरोबर खुराड्यात कोंडली. चौथ्या दिवशी दोघी मलूल झाल्या. तेव्हा मी घरात उरलेली माणसांची कॅप्सूल फोडून पाण्यात कालवली. त्याच दिवसांत शेजारणीला कौतुकाने दोन कोंबड्या दिल्या होत्या. पंधरवड्यात माझ्या सात गेल्या आणि तिच्या सगळ्या गेल्या. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण मला मात्र पुढे कितीतरी दिवस तिच्या रिकाम्या खुराड्याकडे बघवत नव्हतं.

म्हणून पहिला नियम: आजारी कोंबडी वेगळी, नवी कोंबडी सुद्धा वेगळी. नवीन आणलेली निदान तीन आठवडे निराळी ठेवावी. आजारीसाठी मोठं डालगं किंवा पुठ्ठ्याचं खोकं चालतं. तळाशी जुनं वर्तमानपत्र अंथरा, म्हणजे विष्ठा नीट दिसते. आधी चांगल्या कोंबड्यांचं दाणापाणी करा, आजारीचं शेवटी. तिचं पाण्याचं परळ वेगळं, हात लावायची चप्पल-साडीसुद्धा शक्य तर वेगळी. नाकातोंडाला रुमाल बांधा आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा.

ऊब आणि पाणी

आजारी कोंबडी पिसं फुलवते ती थंडी वाजते म्हणून. तिला ऊब हवी. धुळ्याकडची पौष-माघातली थंडी तुम्हाला मी सांगायला नको. जुना चाळीस वॅटचा पिवळा बल्ब खोक्यापासून हातभर दूर लावा. हल्लीचे एलईडी बल्ब उजेड देतात, ऊब देत नाहीत. बल्ब नसेल तर बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून कडेला ठेवा. नको वाटलं तर तिला बाजूला सरकता येईल एवढी जागा मात्र हवी.

एक गंमत सांगते. हात लावला की कोंबडी गरम लागते आणि 'ताप आलाय' म्हणून आपण घाबरतो. तिच्या अंगाची उष्णता मुळातच १०६ ते १०७ अंश फॅरनहाइट असते. हाताला लागणाऱ्या उष्णतेवरून ताप ठरवू नका.

दाण्यापेक्षा पाणी महत्त्वाचं. एक लिटर पाण्यात दोन चमचे गूळ आणि अगदी चिमूटभर मीठ घाला. मीठ जास्त झालं तर कोंबडीला बाधतं. हे पाणी एक-दोन दिवसच द्यायचं, आणि शेजारी साधं पाणीही ठेवायचं. चोच पाण्यात बुडवून तिची तिला पिऊ द्या. चमच्याने घशात ओतू नका. श्वासनळीत गेलं तर बरी होणारी कोंबडी हातची जाते. खायला मऊ भात, दादरीच्या भिजवलेल्या कण्या, कुस्करलेलं उकडलेलं अंडं, असं थोडं थोडं द्या.

दुखणं ओळखायचं कसं?

कोंबडीला बोलता येत नाही, पण कागदावरची विष्ठा पुष्कळ बोलते. तपकिरी, वर पांढरी टोपी, ही निरोगी. दिवसातून एक-दोनदा चिकट, चॉकलेटी रंगाची पडते, तीही निरोगीच. तिला हगवण समजू नका. नुसती हिरवी असेल तर बऱ्याचदा पोट रिकामं आहे. रक्त दिसलं, त्यातून पिल्लं तीन ते सहा आठवड्यांची असली, तर रक्ती हगवण असू शकते. ती ओल्या, घाणेरड्या जागेत फैलावते. तिच्यावर पाण्यातून द्यायचं औषध मिळतं, पण ते डॉक्टरांनी सांगितल्यावर आणि सांगितलं तेवढंच.

मग सकाळी, दाणे टाकण्याआधी, छातीच्या वर गळ्याशी हात लावून बघा. तिथे तिची अन्नाची पिशवी असते. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. दगडासारखी घट्ट लागली तर लांब गवत, दोरा, प्लॅस्टिक असं काहीतरी अडकलं असेल. दोन थेंब गोडं तेल चोचीच्या कडेला लावा, पाणी पिऊ द्या आणि पिशवी हलक्या हाताने चोळा. उलटी टांगून पिळू नका. दिवसभरात मऊ पडली नाही किंवा तोंडाला आंबूस वास येऊ लागला, तर दवाखाना गाठा.

शेपटी खाली-वर हलवत, वारंवार जोर करत, बदकासारखी उभी राहत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेला हे व्हायचं भय जास्त. घमेल्यात हाताला सोसेल एवढं कोमट पाणी घ्या आणि पोट बुडेल अशी पंधरा-वीस मिनिटं बसवा. मग पुसून, गुदद्वाराशी थोडं तेल लावून अंधाऱ्या, उबदार जागी एकटी ठेवा. पुष्कळदा तासा-दोन तासांत अंडं येतं. दाबून काढायला जाऊ नका. आत फुटलं तर तिचा जीव जातो. दिवस मावळेपर्यंत सुटका झाली नाही तर डॉक्टरच हवेत. पुढे हे टळावं म्हणून शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफलं वेगळ्या वाटीत कायम ठेवत जा.

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळपट खपल्या दिसल्या तर त्या कोंबड्यांच्या देवी. डासांनी पसरतात. खपल्या ओढू नका, डोळे स्वच्छ पाण्याने पुसा, इतरांपासून दूर ठेवा. जपलं तर बहुतेक बऱ्या होतात. पंखाखाली, शेपटीशी उवा-पिसवा असतील तर चुलीची चाळलेली, पूर्ण गार राख आणि कोरडी माती पाटीत भरून ठेवा. कोंबड्या आपणच लोळतात. खुराड्याच्या फटी मात्र तुम्हीच झाडायच्या.

आणि आपला खानदेशी उन्हाळा! जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की चोच उघडी टाकून, पंख लांब धरून कोंबडी धापा टाकते. तो आजार नव्हे, ऊन आहे. सावली, ओलं गोणपाट, दिवसातून तीन-चारदा ताजं पाणी, आणि पाय पाण्याने भिजवायचे. बर्फाच्या पाण्यात बुडवायची नाही.

पण सावलीत, गारव्यातही तोंडाने श्वास, हिरवट-पांढरी पातळ विष्ठा, आणि मान वळून पाठीवर जात असेल, तर ती मानमोडी. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. कुमाऊँमधल्या राणीखेत गावावरून आपल्याकडे हे नाव पडलं. माझ्या सात कोंबड्यांना नेणारी तीच असावी. तिच्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्या-नाकात थेंब, आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांनी टोचणी. लसीच्या एका कुपीत शंभर-दोनशे पक्ष्यांपुरती लस असते आणि कालवल्यावर ती थोड्या तासांतच संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कुणी कुपी फोडायला तयार होत नाही, आणि आपल्या कोंबड्या राहतात बिनलसीच्या. यावर उपाय आपल्याला ठाऊक आहे. भिशीला बारा घरं जमतात, तशीच लसीला जमवा. गल्लीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या मोजा आणि एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा.

कापायची का नाही?

आता सासूबाईंचा मुद्दा. त्यांना वाईट म्हणू नका. ज्यांनी टंचाईची सालं काढली, त्यांना घरचं मांस वाया जाताना पाहवत नाही. पण त्यांना एक आठवण करून द्या. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला तो आपल्या शेजारच्या नवापूरला. १९९८ पर्यंत नवापूर धुळे जिल्ह्यातच होतं. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत तो निघाला, आणि तोही मोठ्या पोल्ट्रीत नव्हे, परसातल्या कोंबड्यांत. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला तो पुन्हा आला. त्याच वर्षी जुलैत दिल्लीत एका लहान मुलाचा या रोगाने मृत्यू झाला. आपल्या देशातला माणसाचा तो पहिला बळी.

नीट शिजवलेल्या मांसातून आणि अंड्यातून हा रोग होत नाही. धोका असतो तो त्याच्या आधी. आजारी कोंबडी धरताना, कापताना, पिसं काढताना, साफ करताना. आणि हे सगळं कोण करतं? घरातली बाईच. शेजारी मूलही उभं असतं. म्हणून आजारी कोंबडी कापायची नाही, विकायची नाही, कुणाला द्यायचीही नाही.

तुमची एकच कोंबडी मलूल आहे, बाकीच्या चांगल्या आहेत, तेव्हा लगेच बर्ड फ्लूची भीती बाळगण्याचं कारण नाही. मात्र एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे-काळे पडले, तोंडं सुजली, तर हात न लावता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. १९६२ या क्रमांकावरही फोन करता येतो. 'सरकारी माणसं येऊन सगळ्याच मारतील' या भीतीने पुष्कळजणी गप्प बसतात. पण मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आणि लपवलेल्या रोगाचं मोल सगळी गल्ली भरते. ते मोल मी एकदा शेजारणीला भरायला लावलं आहे.

कोंबडी गेलीच, तर नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. कुत्री ती गावभर नेतात. विहीर-बोअरपासून दूर, कुत्र्याला उकरता येणार नाही असा हात-दोन हात खोल खड्डा घ्या, वर चुना टाका आणि मातीने बुजवा. पिशवीत हात घालून उचला, मग पिशवीही खड्ड्यातच. खुराडं रिकामं करून चुन्याने सारवा आणि चांगलं ऊन खाऊ द्या.

औषधाची एक गोष्ट राहिली. घरातल्या माणसांच्या गोळ्या कोंबडीला देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिलं तर 'अंडी किती दिवस खायची नाहीत?' हा प्रश्न त्यांना आठवणीने विचारा.

शेवटी तुमच्या मुलाविषयी. त्याला रागावून उठवू नका. दुखणाइताजवळ बसावं हे त्याला कळतं, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याला दूरची कामं द्या. तांबडीने किती वेळा पाणी प्यायलं, दाणा टिपला का, हे दुरून बघून वहीत लिहायचं. डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडेल. बरी झाली तर तिच्या अंड्याचा पहिला मान त्याचा. आणि नाहीच वाचली, तर 'पाहुण्यांकडे दिली' असं खोटं सांगू नका. तुम्ही खड्डा बुजवल्यावर त्याला वर एक फांदी लावू द्या. आमच्या परसात त्या वर्षी धाकटीने तुळस लावली होती.

तीन दिवसांनी तांबडी कशी आहे ते एका कार्डावर कळवा. वाट पाहते.