सुताराच्या बोटांतील गुपित

वाद्याचे लाकूड महाग असले म्हणजे त्याचा नादही मोलाचा असावयाचा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. त्याला उत्तर देणारी एक जुनी गिटार बार्सेलोना येथील संगीत-संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. १८६२ साली बनविलेल्या या गिटारीची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या आहेत. पुढची फळी मात्र उत्तम लाकडाची आहे.

ती बनविणारा आंतोनियो दे तोरेस हा मूळचा सुतार. दक्षिण स्पेनमधील आल्मेरिया शहराजवळच्या एका खेड्यात १८१७ साली तो जन्मला. बाराव्या वर्षी तो सुतारकाम शिकू लागला व पुढे सेव्हिल नगरीत गिटारी करू लागला. १८५८ साली तेथील प्रदर्शनात त्याच्या गिटारीस पदक मिळाले. गिटारीचा प्राण तिच्या पुढच्या फळीत असतो, असे त्याचे ठाम मत होते. आणि ते वादाने नव्हे तर कृतीने सिद्ध करावे म्हणून त्याने ही पुठ्ठ्याची गिटार केली. ज्यांनी ती ऐकली, त्यांनी तिच्या नादाची वाखाणणीच केली आहे.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. नुसती तार छेडली तर तिचा आवाज फार क्षीण असतो. तारेचे कंपन घोडीतून फळीत उतरते, फळी थरथरते आणि त्या थरथरीने हवा हलते. तेव्हा कोठे नाद उमटतो. फळी जाड असेल तर ती हलत नाही. फार पातळ केली तर तारांच्या ताणाने वाकते. आजच्या गिटारीत सहा तारांचा मिळून हा ताण चाळीस किलोच्या आसपास असतो. यासाठी तोरेसने स्प्रूस नावाच्या हलक्या पण ताठ लाकडाची फळी घेऊन ती रंध्याने दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत तासली, आणि तिच्या आतल्या बाजूस सात बारीक फासळ्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरून सरसाने चिकटविल्या. अशा फासळ्या त्याच्यापूर्वीही काही स्पॅनिश कारागीर बसवीत. परंतु वाद्याचा आकार मोठा करून, सर्व भागांचे प्रमाण जुळवून, ती रीत त्याने पूर्णत्वास नेली. आजच्या बहुतेक अभिजात गिटारी त्याच्याच नमुन्यावर बेतलेल्या असतात.

प्रसिद्ध वादक फ्रान्सिस्को तारेगा तरुणपणी, १८६९ साली, त्याच्याकडे गिटार घ्यावयास गेला. तोरेसने प्रथम एक साधे वाद्य पुढे केले. परंतु त्या तरुणाचे वादन ऐकताच आत जाऊन १८६४ साली केलेली आपली खास गिटार आणून त्याच्या हाती दिली, असे सांगतात. त्या काळी नायलॉनच्या तारा नव्हत्या. वरच्या तीन तारा आतड्याच्या तातीच्या असत, तर खालच्या तीन रेशमावर धातूची बारीक तार गुंडाळून केलेल्या असत. त्या जुन्या वाद्यांचा मऊ आणि भरदार स्वर याच तारांतून निघे.

एवढे कौशल्य असूनही या कारागिराला संसारासाठी आल्मेरियात चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवावे लागले. पुढे तो पुन्हा गिटारीकडे वळला आणि १८९२ साली मृत्यू येईपर्यंत ते काम त्याने सोडले नाही.

त्याच्या म्हातारपणी त्याला जवळून पाहिलेले हुआन मार्तिनेझ सिर्व्हेन्त नावाचे एक धर्मगुरू होते. १९३१ साली लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक आठवण नमूद केली आहे. एकदा भोजनाच्या वेळी कोणी तोरेसला विनविले की, तुमचे गुपित तुमच्याबरोबर मातीआड जाऊ देऊ नका. तेव्हा त्याने उत्तर दिले ते अशा आशयाचे : हुआनने मला काम करताना कितीदा तरी पाहिले आहे; लपविण्यासारखे काही नाही. परंतु फळी हवी तशी झाली की नाही, हे माझा अंगठा व तर्जनी मला सांगतात, आणि ती जाणीव मी कोणाच्या हवाली करू?

पुढील कारागिरांनी त्याच्या गिटारी मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजल्या आणि त्या मापांबरहुकूम नवी वाद्येही केली. तथापि, निसर्गात एका झाडाची फळी दुसऱ्या झाडाच्या फळीसारखी नसते. माप तेच ठेवले तरी एक ताठ राहते व दुसरी लवते. म्हणून कोठे किती तासावे हे शेवटी बोटांनाच ठरवावे लागते. माप कागदावर उतरते, स्पर्श उतरत नाही. तो वर्षानुवर्षे हातात लाकूड धरूनच यावा लागतो.

आपल्या गावातील सुताराचा मुलगा बापाशेजारी बसून रंधा धरावयास शिकत असेल, तर वाचकहो, त्याला रिकामटेकडा समजू नका. जे ज्ञान कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, ते तो त्या वेळी मिळवीत असतो. आणि बापाचा हात थांबण्यापूर्वीच ते मिळवावे लागते.