समुद्रकाठी चार दिवस, तेही आरामात

मैत्रिणींनो, आपल्या बीड जिल्ह्यातल्या बायकांचा प्रवास म्हणजे बहुधा देवाचा नाहीतर लग्नकार्याचा. परळी, पंढरपूर, तुळजापूर झालं, की पुढचं पाऊल पुन्हा स्वयंपाकघरातच. त्यातून समुद्राला जायचं ठरलंच, तर बरोबर स्टोव्ह, डाळ-तांदूळ आणि पोळपाट-लाटणं! गावाला जाऊन पुन्हा पोळ्याच लाटायच्या, तर सुटी कोणाची झाली?

म्हणून या वेळी समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलचा विचार करू या. ‘ते आपल्यासारख्यांचं नाही,’ असं लगेच म्हणू नका. हिशेब नीट मांडला, तर वर्षभराच्या भिशीत दोन रात्री बसू शकतात.

मुख्य युक्ती ही, की चारही रात्री महागड्या जागी काढायच्या नाहीत. आधी फिरणं, मग आराम. पहिल्या दोन रात्री पणजीत साध्या, स्वच्छ लॉजवर राहा. मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्याची चर्चेस, बाजार हे सगळं तेव्हाच उरका. सासूबाई बरोबर असतील तर देवदर्शनाने त्यांचंही मन भरेल. शेवटच्या दोन रात्री मोठ्या हॉटेलात, आणि तिथून मुळीच हलायचं नाही. खोलीचं जबर भाडं भरून दिवसभर बाहेर भटकायचं, याइतकी उधळपट्टी नाही.

अशी हॉटेलं गोव्यात काही कालपरवाची नाहीत. सिकेरीला पोर्तुगीजांच्या आग्वाद किल्ल्याच्या तटालगत ताजचं हॉटेल 1974 मध्ये सुरू झालं. इतकं खर्चिक नको असेल, तर आपल्याच कोकणात गणपतीपुळे, तारकर्ली, वेळणेश्वर येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासं समुद्राजवळ आहेत.

जायचं कसं? बीड–अहिल्यानगर रेल्वे 17 सप्टेंबर 2025 ला सुरू झाली. अहिल्यानगरला गोवा एक्सप्रेस थांबते आणि मिरज, बेळगावमार्गे मडगावला पोहोचवते. दोन्ही गाड्यांच्या वेळा जुळतात का, ते आधी पाहा. नाहीतर अहिल्यानगरपर्यंत एस.टी. आहेच. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, ती तारीख कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने खूण करून ठेवा. मोटारीने जाणाऱ्यांनी सोलापूर, कोल्हापूर, आंबोली घाट असा मार्ग धरावा आणि कोल्हापुरात मुक्काम करून अंबाबाईचं दर्शन घ्यावं. घाटात मुलांना ओकारी होते, तेव्हा वडापाव खाऊ घालून घाट चढू नका. आवळासुपारी जवळ ठेवा.

दिवाळीचे चार दिवस आणि नाताळ ते 31 डिसेंबर हा काळ टाळा. भाडी तेव्हा आभाळाला भिडतात. दिवाळीच्या सुटीचा शेवटचा आठवडा बरा. त्यातही शनिवार-रविवार सोडून सोमवार ते गुरुवार गाठा.

खोली ठरवताना ‘अहों’वर सगळं सोपवू नका. फोन स्वतः करा आणि हे प्रश्न कागदावर लिहून विचारा: भाड्यात नाश्ता आहे का, की दोन्ही वेळचं जेवणही? मुलांच्या जादा गादीचे किती? कराची रक्कम धरली आहे का? (एका रात्रीचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर कर 5 टक्के, त्यावर गेलं की 18 टक्के. शंभर-दोनशे रुपयांसाठी ती रेघ ओलांडू नका!) बेत रद्द झाला तर पैसे परत मिळतील का? निघताना सगळ्यांची आधारकार्डं पर्समध्ये हवीत.

आता कपड्यांचं. पाण्यात साडी नेसून जाऊ नका. ओली साडी पायांत गुंडाळते आणि लाट आली की तोल जातो. पंजाबी ड्रेस, तोही ओढणीशिवाय, बरा. हॉटेलच्या तलावात सुती कपडे बहुधा चालत नाहीत. अंगभर पोहण्याचे पोशाख आता दुकानात मिळतात. लाजायचं कारण नाही, तिथे आपल्याकडे बघायला कोणी बसलेलं नसतं. दागिने घरीच ठेवा. गळ्यात छोटं मंगळसूत्र पुरे.

सर्वांत महत्त्वाचं सांगते. आपण कोरड्या मुलखातली माणसं, समुद्राची आपल्याला सवय नाही. भरतीची वेळ तुमच्या पंचांगातच आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, या सुमारास दिवसा आणि रात्री पूर्ण भरती असते. हा कोकणातला ढोबळ हिशेब आहे. त्यानंतर ओहोटी लागते, ती आत ओढते. तेव्हा मुलांना पाण्यात सोडू नका. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. सपाट दिसणाऱ्या गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यानेही पुष्कळ बळी घेतले आहेत. नक्की कुठे आणि किती उतरावं, ते किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला विचारा. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, हेही लक्षात ठेवा. जीवरक्षक जाकीट अंगावर घट्ट बांधल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका. ‘पाचच मिनिटं जायचंय’ असं कोणीही म्हणो.

आणि ‘एवढे पैसे नुसते झोपायला?’ असं घरातून कोणी विचारलं तर? शांतपणे सांगा, की होय, झोपायलाच. पहाटे पाचला उठून डबे करणाऱ्या बाईला आयता चहा, आयतं ताट आणि दुपारची दोन तासांची झोप मिळणं ही चैन नव्हे. आजारी पडल्यावर डॉक्टर विश्रांतीच सांगतात. ती आजारी न पडता घेतली, तर बिघडलं कुठे?

तेव्हा या महिन्यापासून भिशी सुरू करा. आणि हो, पोळपाट-लाटणं घरीच राहू द्या!